खारा वारा, मतलई वारा आणि वाळूतली अंगठी

आपल्या घरांत ‘तो आखातात असतो’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुबई, कुवेत नाहीतर मस्कत येतं. माझी धाकटी बहीणही आखाताच्या काठीच राहते, पण ते आखात वेगळं. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. त्याच्या पश्चिमेला मेक्सिकोचं आखात आणि त्या आखाताच्या एका खाडीवर टँपा शहर. तिथून दक्षिणेला गाडीने तास-सव्वा तास गेलं की सारासोटा आणि त्याच्या समोरचे लांबट, चिंचोळे, वाळूचे बेट-किनारे. पाणी कोमट, लाटा लहान, वाळू साखरेसारखी पांढरी. त्यातल्या सिएस्टा की या किनाऱ्याची वाळू जवळजवळ निव्वळ गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्‌झची आहे. भर दुपारीसुद्धा पायाला चटका बसत नाही. जगभरची माणसं तिथे सुट्टी घालवायला जातात. त्यातली काही मेटल डिटेक्टर घेऊन जातात आणि पहाटेपासून वाळूत हरवलेल्या वस्तू शोधत फिरतात.

आणि काही वर्षी याच किनाऱ्यावर पाऊल ठेवताच माणसं खोकायला लागतात.

याला तिकडे ‘रेड टाइड’ म्हणतात, लाल भरती. नाव फसवं आहे. तिचा भरती-ओहोटीशी संबंध नाही आणि पाणी दर वेळी लाल दिसतंच असंही नाही. कधी तांबूस, कधी गढूळ हिरवट, कधी अगदी नेहमीसारखं. ‘कॅरेनिया ब्रेव्हिस’ नावाचा एक सूक्ष्म, एकपेशीय, शेवाळवर्गातला जीव आखाताच्या पाण्यात नेहमीच थोडाफार असतो. एका मिलिमीटरच्या रांगेत असे तीस-चाळीस बसतील, इतका बारीक. किनाऱ्यापासून पंधरा ते साठ-पासष्ट किलोमीटर आत समुद्रात त्याची वाढ सुरू होते, मग प्रवाह आणि वारे त्याला काठाकडे आणतात. काठावर जमिनीवरून वाहून येणारं खतपाणी त्याला आयतं खाद्य मिळतं आणि मुक्काम लांबतो. १९४६-४७ साली तिथे मोठी मासेमर झाली, तिचा माग काढताना शास्त्रज्ञांना हा जीव सापडला आणि १९४८ मध्ये त्याची नोंद झाली. पुढे याच जीवावर आयुष्यभर काम केलेल्या कॅरेन स्टायडिंगर या शास्त्रज्ञ बाईंच्या नावावरून त्याला ‘कॅरेनिया’ हे नाव मिळालं. (शाळेत मुलींना मी हे मुद्दाम सांगते.)

या जीवात ब्रेव्हेटॉक्सिन नावाचं विष असतं. ते माशांच्या मज्जासंस्थेवर हल्ला करतं, म्हणून मासे मरतात. माणसाला ते दोन वाटांनी गाठतं. पहिली वाट पोटाची. शिंपल्या, कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे विष त्यांच्या अंगात साठत जातं आणि शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही. म्हणून एक लिटर पाण्यात या जिवाच्या नुसत्या पाच हजार पेशी दिसल्या तरी सरकार तिथे शिंपल्या काढायला बंदी घालतं. आम्ही कोकणातले शाफई. समुद्रातलं आपल्याला हलाल म्हणून तिसऱ्या, कालवं आमच्या ताटात हक्काने येतात. पण हलाल असणं आणि त्या दिवशी खाण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशातही १९८१ मध्ये तमिळनाडूत दूषित शिंपल्या खाऊन तीन जण दगावले होते. तिथलं विष दुसऱ्या जातीचं होतं, पण वाट हीच, शिंपलीची.

दुसरी वाट श्वासाची. ती बहुतेकांना ठाऊक नसते. कॅरेनियाच्या पेशीला कवच नसतं. लाट फुटली की पेशीही फुटते, विष पाण्यात मिसळतं आणि फेसाबरोबर उडणाऱ्या तुषारांत बसून हवेत चढतं. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर ते तुषार थेट माणसाच्या नाकातोंडात. डोळ्यांची आग, शिंका, कोरडा खोकला, घसा धरणं. निरोगी माणूस किनाऱ्यावरून दूर गेला, गार हवेच्या बंद खोलीत बसला की बहुधा थोड्या वेळात बरा होतो. दमेकऱ्याचं तसं नाही. सारासोटाजवळच्या किनाऱ्यावर दम्याच्या रुग्णांना घेऊन अभ्यास झाले आहेत. लाल भरतीच्या दिवसांत फक्त एक तास किनाऱ्यावर घालवल्यावर त्यांचा त्रास वाढला आणि फुंकर मारून मोजतात ती फुप्फुसांची ताकदही घटली. तिथलं आरोग्य खातं दम्याच्या आणि फुप्फुसाच्या रुग्णांना स्पष्ट सांगतं की या दिवसांत तिकडे फिरकू नका.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. किनाऱ्यावर मेलेल्या माशांची जी घाण येते ती विष नव्हे. आपण कोकणातली माणसं, सुकटीच्या वासाला नाक मुरडत नाही. ‘वासच तर आहे, सवय होईल’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण या विषाला वासच नाही. मासे उचलून किनारा लख्ख केला, घाण गेली, तरी हवेत ते असू शकतं. उलट कुजके मासे पसरलेले आहेत पण वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतोय, तर माणूस न खोकता फिरू शकतो. नाकावर भरवसा ठेवायचा नाही. वाऱ्यावर ठेवायचा.

२०१८ ची लाल भरती

आजवरच्या मोठ्या लाल भरत्यांत जिची गणना होते ती ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या सुरुवातीला संपली. सोळा महिने! जुलै २०१८ मध्ये सॅनिबल बेटावर सव्वीस फुटांचा देवमुशी मासा मरून वाहत आला. कासवं मेली, समुद्रगायी मेल्या. १३ ऑगस्ट २०१८ रोजी राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. त्याच उन्हाळ्यात तिथल्या ओकीचोबी तलावातून आणि नद्यांतून निळं-हिरवं शेवाळही माजलं होतं. लोक दोन्ही एकच समजत. ते वेगळं, गोड्या पाण्यातलं. ते दिसतं, तवंगासारखं साचतं. लाल भरतीत डोळ्यांना काहीच दिसत नाही असंही होतं. ऑक्टोबरात तर ती टोकाला वळसा घालून पूर्वेच्या, अटलांटिक बाजूच्या किनाऱ्यालाही लागली. ‘इकडे नाही तर तिकडे जाऊ’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

मी दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, बहिणीकडे गेले ती याच वर्षी.

बहिणीच्या यजमानांनी सहा महिने आधी किनाऱ्याजवळ आठवड्याभरासाठी एक घर भाड्याने घेऊन ठेवलं होतं. आपा येणार, मुलं खूश होतील, हा हेतू. भाचा पंधरा वर्षांचा. त्याने ईदीचे पैसे साठवून एक मध्यम किमतीचा मेटल डिटेक्टर घेतला होता आणि महिनाभर घरामागच्या हिरवळीत सोड्याच्या बाटल्यांची झाकणं उकरत होता. भाची नऊ वर्षांची, तिला लहानपणापासून दमा. घरमालकाला फोन केला तर उत्तर मिळालं की किनारा बंद नाही, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. तेही खोटं नव्हतं. लाल भरतीत तिथे किनारे सहसा बंद करत नाहीत. जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

रात्री जेवणावर हाच विषय. यजमान म्हणाले, “एवढे पैसे भरलेत, दोन दिवस तरी राहून येऊ. खिडक्या लावून घेऊ.”

बहीण म्हणाली, “खिडक्या लावून बसायला टँपातलं घर काय वाईट आहे?”

भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, “खाला, किनाऱ्यावर सध्या कुणीच नसतं. सगळी वाळू मोकळी आहे.” त्याचे डोळे चमकत होते. पोराला गर्दी नसलेला किनारा म्हणजे खजिन्याचं उघडं दार वाटत होतं.

मला वाटतं, अशा वेळी घरातल्या सर्वांत नाजूक छातीच्या माणसाने सगळ्यांसाठी ठरवायचं असतं. ते झालंही. भाची आणि तिची आई टँपातच राहिल्या, आम्ही तिघे जाऊन-येऊन करायचं ठरलं. आणि तेही वारा बघून. भाचीला अर्थातच राग आला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सहावीच्या पुस्तकातलं उत्तर

‘खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा.’ हा प्रश्न मी किती वर्षं किती वह्यांत तपासला असेल! दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, मग वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई वारा. आपले कोळी आणि दालदी बांधव पहाटे मतलई वाऱ्यावर होड्या हाकारत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत, हे मुलांना सांगितलं की त्यांना लक्षात राहतं.

सारासोटाच्या किनाऱ्यावर तेच पुस्तक कामाला आलं. पश्चिमेचा किनारा, आपल्या रत्नागिरीसारखाच. समुद्र पश्चिमेला, जमीन पूर्वेला. पहाटे वारा पूर्वेकडून, म्हणजे तुषार समुद्रात परत. नऊ-दहाच्या पुढे वारा फिरतो आणि घसा खवखवू लागतो. तेव्हा आमचा शिरस्ता असा पडला: फजर टँपात, सूर्य वर येईपर्यंत किनारा, आणि वारा फिरण्याच्या आत परत गाडीत. थंडीची लाट येऊन वायव्येचा वारा सुटला तर पहाटही उपयोगाची नाही; एक दिवस आम्ही म्हणूनच गेलो नाही.

अंदाजावर जायची गरजही नव्हती. सारासोटाची मोट मरीन लॅबोरेटरी ही संशोधन संस्था किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांकडून रोजची खबर गोळा करून सगळ्यांसाठी खुली ठेवते: मेलेले मासे आहेत का, लोक खोकतायत का, वारा कुठून आहे. राज्याचा मत्स्य व वन्यजीव आयोग पाण्याचे नमुने तपासून नकाशावर रंगीत ठिपके लावतो. लिटरमागे दहा हजार पेशींच्या वर गेलं की श्वासाचा त्रास संभवतो, एक लाखाच्या वर मासे मरू लागतात, दहा लाखांच्या वर तो सर्वांत वरचा ठिपका. पण नमुना कालचा-परवाचा असतो आणि वारा आत्ताचा. मी भाच्याला आधी जीवरक्षकांची खबर बघायला लावत असे, मग ठिपका.

डिटेक्टरवाल्याने तर ही काळजी इतरांहून जास्त घ्यायला हवी. छत्रीखाली पुस्तक वाचणारा माणूस पाण्यापासून पन्नास पावलं दूर असतो. डिटेक्टरवाला नेमका लाटेच्या कडेला चालतो, दर दोन मिनिटांनी गुडघ्यावर बसतो, तोंड वाळूजवळ नेऊन खणतो, दमून जोरजोरात श्वास घेतो आणि ओल्या हाताने घाम पुसतो. तोही एक नाही, तीन-तीन तास. शिवाय कानांना हेडफोन. शेजारचा खोकतोय हे त्याला ऐकूच येत नाही! हातमोजे, लांब दांड्याचं जाळीचं फावडं, कण गाळणारा मास्क आणि जाड तळाचे बूट एवढं लागतंच. बूट का, तर मेलेला शिंगाळा. आपल्याकडे शिंगाळ्याचा काटा लागला की काय होतं ते किनाऱ्यावरच्या पोरांना विचारा. तिथलाही त्याच कुळातला. मेला तरी काटा ताठ असतो आणि पातळ चपलेतून आरपार जातो. माशांच्या तोंडात अडकलेले गळही असतात. डिटेक्टर कुंईऽ करतो, पोरगं हौसेने हात घालतं, आणि हाताला येतो कुजक्या माशातला लोखंडी गळ.

यंत्राचा स्वभाव

हे यंत्र काय करतं, ते थोडक्यात सांगते. खालच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात विजेचे छोटे भोवरे उठतात, भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. फॅरेडेने सांगितलेलंच सगळं. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती अंगात कुठे आहे ते सापडेना, तेव्हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने असंच यंत्र घाईघाईने तयार करून आणलं. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी यंत्र गोंधळलं असं सांगतात. अध्यक्ष सप्टेंबरात गेले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या युझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्याने पेरलेले सुरुंग शोधायला हातात धरून चालवण्याजोगं यंत्र बनवलं आणि ते १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल-अलमैनच्या लढाईत वापरलं गेलं. आजचे हौशी लोक हातात घेऊन फिरतात ते याच घराण्यातलं.

समुद्रकिनारी यंत्राची परीक्षा असते. खारं पाणी विजेचं वाहक, त्यामुळे ओल्या वाळूत साधं यंत्र उगाचच किंचाळतं. एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारी महाग यंत्रं किंवा पल्स पद्धतीची यंत्रं तिथे टिकतात. भाच्याचं साधं होतं, म्हणून आम्ही कोरड्या वाळूतच राहिलो. ते बरंच झालं, पाण्याच्या कडेपासून दूर राहायला आयतं कारण मिळालं. आणि सापडतंही तिथे. लोक टॉवेल पसरतात, अंगाला तेल चोळायला अंगठ्या काढतात, खिशातली नाणी सांडतात. पाण्यात हरवणाऱ्या अंगठ्यांची गोष्ट वेगळी; गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटते.

भाच्याची तीन सकाळींची कमाई सांगू? सोड्याच्या डब्यांची अॅल्युमिनियमची ओढायची झाकणं एकोणतीस. बाटल्यांची झाकणं मोजली नाहीत. एक चमचा. नाणी चाळीसेक, त्यातले सेंट तर खारवून किड्याने खाल्ल्यासारखे झालेले, कारण १९८२ पासून तिथला सेंट आतून जवळजवळ सगळा जस्ताचा आणि वरून फक्त तांब्याचा मुलामा. झाकणांना कंटाळून त्याने यंत्राला झाकणांचा आवाज गाळायला सांगायचं ठरवलं, तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्या हौशी गृहस्थांनी त्याला थांबवलं. सोन्याच्या अंगठीचा आणि त्या झाकणाचा आवाज यंत्राला जवळपास सारखाच ऐकू येतो. झाकणं गाळलीत तर सोनंही गाळलंत. मला ते फार आवडलं. वर्गातल्या काही मुलांची आठवण झाली.

कुठे खणायचं, कुठे नाही, याचे तिथे कडक कायदे आहेत आणि सुट्टीवर जाणाऱ्याला ते ठाऊक असायला हवेत. राष्ट्रीय उद्यानांच्या आणि राष्ट्रीय सागरी किनाऱ्यांच्या हद्दीत डिटेक्टरला मनाई. राज्याच्या उद्यानांत ठरावीक किनाऱ्यांवरच, तेही वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्यापासून पाण्याकडेच, आणि रक्षकाला विचारून. टेकड्यांवर पाय द्यायचा नाही. मे ते ऑक्टोबर हा तिथे कासवांच्या अंड्यांचा हंगाम. खुणा केलेल्या जागांजवळ जायचं नाही आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, कारण रात्री कासवाचं पिल्लू त्यात पडलं तर वर येत नाही. राज्याच्या जमिनीवरची पुरातन वस्तू राज्याची. पूर्वेच्या किनाऱ्यावर हा प्रश्न नेहमी येतो. १७१५ च्या जुलैअखेर स्पेनचा खजिना वाहणारा ताफा वादळात तिथे बुडाला आणि अजूनही वादळानंतर एखादं चांदीचं नाणं वाळूवर येतं. आपल्याकडेही १८७८ चा निखात निधीचा कायदा आहेच: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शेतात हंडा सापडल्याच्या गोष्टी आपण चवीने ऐकतो, हा कायदा मात्र कुणी सांगत नाही.

चौथ्या सकाळी झाकणासारखाच आवाज आला आणि अंगठी निघाली. सोन्याची, पुरुषी, आतून एक तारीख आणि दोन अक्षरं कोरलेली.

भाचा उड्या मारत होता. त्याचे वडील गप्प झाले. मग म्हणाले, “ही कुणाची तरी निकाहासारखी अंगठी आहे.”

“पण अब्बू, समुद्रात हरवली की ती कुणाचीच नसते ना?”

समुद्राने अंगठी गिळली तरी मालक मालकच राहतो. सापडलेल्या वस्तूला आपल्या फिक्हमध्ये लुकता म्हणतात. जैद बिन खालिद रजि. यांच्या रिवायतीत आलेला हुकूम साधा आहे: वस्तूची थैली आणि तिची दोरी नीट ओळखून ठेवा, वर्षभर तिची जाहीर वाच्यता करा, मालक आला तर देऊन टाका. थैली आणि दोरी ओळखून ठेवा, यात केवढं शहाणपण आहे! खूण फक्त तुम्हाला आणि खऱ्या मालकालाच माहीत असते. तिथले जुने डिटेक्टरवालेही नेमकं हेच करतात. ‘अमुक किनाऱ्यावर अंगठी सापडली’ एवढंच जाहीर करायचं, आत काय कोरलंय ते सांगायचं नाही. जो सांगेल त्याची. फ्लोरिडाचा कायदाही फार वेगळा नाही. सापडलेली वस्तू पोलिसांना कळवावी लागते, ते ती नव्वद दिवस ठेवतात, मालक न आल्यास सापडणाऱ्याने आधी हक्क नोंदवला असेल तर त्याला मिळते.

त्याच दुपारी तिघे पोलिसांकडे गेलो. भाच्याने अर्जात जागा, वेळ लिहिली. माझ्या मोडक्या इंग्रजीत मीही दोन वाक्यं बोलून घेतली. परतताना तो जरा हिरमुसला होता. मला वाटतं ते योग्यच होतं. पंधराव्या वर्षी सोनं हातातून सोडताना काहीच वाटलं नाही तर त्यात परीक्षा कसली?

घरी आल्यावर पहिलं काम गोड्या पाण्याचं. बूट दाराबाहेर, कपडे थेट धुवायला, डिटेक्टरची थाळी आणि दांडा नळाखाली, आणि माणसांनी आधी आंघोळ, मग भाचीजवळ जायचं. हा नियम बहिणीने दाराला कागद चिकटवून लावला होता. मास्क लावूनही माझा घसा एक दिवस धरलाच. वारा वेळेआधी फिरला होता.

फेब्रुवारीत बहिणीचा फोन आला. लाल भरती ओसरल्याची बातमी होती. अंगठीसाठी कुणी आलं नव्हतं, त्यामुळे ती भाच्याच्या ताब्यात मिळाली. पण पोलिसांचे नव्वद दिवस संपले तरी वर्ष संपलं नव्हतं, म्हणून ती डबीत, डबीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पुढच्या नोव्हेंबरची तारीख. वर्षानंतर काय करायचं यात मजहबांचं मत थोडं वेगळं आहे: शाफई मतात सापडणाऱ्याला वापरता येते, हनफी मतात सधन माणसाने ती सदका करावी, पण मालक पुढे उभा राहिला तर भरपाई द्यावीच लागते. आपल्या आलिमांना विचारून घ्यावं. भाच्याने त्यांच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं, आणि दर सहा आठवड्यांनी तो त्या किनाऱ्याच्या सूचनाफलकावर नवा कागद लावून येत होता. भाचीसुद्धा आता बरोबर जायची. वारा पूर्वेचा असेल त्या दिवशी.